‘हक्क देतं कोण?’ : सॅटच्या इतिहास-उताऱ्यात अडलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण २०२२ सालचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. विद्यार्थिनी पुण्यातली, अकरावी वाणिज्यला. दहावीपर्यंत राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेली, घरी मराठी बोलणारी. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या पदवी अभ्यासक्रमांना अर्ज करायचा, म्हणून सॅट ही तिथल्या प्रवेशासाठीची परीक्षा द्यायची होती.

तेव्हा भारतात ही परीक्षा कागदावर होत असे. वाचनाचा विभाग ६५ मिनिटांचा, त्यात पाच उतारे आणि ५२ प्रश्न. उतारा साधारण ५०० ते ७५० शब्दांचा, त्यावर १० किंवा ११ प्रश्न. पाचांपैकी एक उतारा, कधी दोन छोट्या उताऱ्यांची जोडी, अमेरिकेच्या स्थापनेच्या काळातल्या दस्तऐवजांतून किंवा स्वातंत्र्य, न्याय, मानवी प्रतिष्ठा या विषयांवर झालेल्या जुन्या वादांतून घेतलेला असे. मुलांच्या बोलीत त्याचं नाव एकच, ‘हिस्टरी पॅसेज’, आणि ते घेताना चेहरे पडत.

ऑगस्टमध्ये तिने वेळ लावून तीन पूर्ण सराव परीक्षा दिल्या. विज्ञानाच्या दोन उताऱ्यांत मिळून फार तर तीन चुका. इतिहासाच्या उताऱ्यात ६, ७ आणि ६. म्हणजे ३१ प्रश्नांत १९ चुका.

अडचण

पहिलं निदान चुकलं. मार्गदर्शकाला वाटलं, इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांबलचक आहेत, तेव्हा शब्दसंग्रह कमी पडतोय. तीन आठवडे शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या. शब्द पाठ झाले, चुका तेवढ्याच राहिल्या. १ ऑक्टोबरच्या परीक्षेत वाचनाला ४० पैकी २८ गुण आले.

गुणपत्रिकेतल्या एका आकड्यानेही दिशाभूल केली. ‘इतिहास व सामाजिक शास्त्रांतील विश्लेषण’ असा वेगळा गुण तिथे छापलेला असे, आणि तिचा तो बरा होता. पण त्यात फक्त वाचनाचे प्रश्न धरलेले नसत, लेखनाचे आणि गणिताचेही निवडक प्रश्न मोजलेले असत. गणिताने तो गुण वर ओढला होता. तो पाहून इतिहास ठीक आहे असं समजणं म्हणजे सरासरी खोली बघून नदीत उतरण्यासारखं होतं.

खरं कारण दुसऱ्याच वाटेने सापडलं. तिला प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ समासात मराठीत एका ओळीत लिहायला सांगितलं. भाषांतर करायचं नव्हतं, ‘हा माणूस काय म्हणतोय’ एवढंच लिहायचं होतं. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या दुसऱ्या परिच्छेदापुढे तिने लिहिलं : ‘लोकांना हक्क मिळावेत म्हणून सरकार स्थापन होतं.’

मूळ मजकूर याच्या नेमका उलट आहे. जाहीरनामा म्हणतो की हक्क निर्मात्याने माणसाला आधीच दिलेले आहेत. ते सुरक्षित राखण्यासाठी लोक सरकार स्थापन करतात, आणि सरकारची न्याय्य सत्ता शासितांच्या संमतीतून येते. ‘टू सिक्युअर दीज राइट्स’ यातल्या ‘सिक्युअर’चा अर्थ तिने ‘मिळवणे’ असा घेतला होता. आजच्या इंग्रजीत नोकरी ‘सिक्युअर’ करतात, म्हणून तो सहज सुचला. इथे अर्थ ‘जपणे’ असा आहे. या एका क्रियापदाने अख्खा उतारा उलटा झाला.

तिने ‘सिक्युअर’ तसा का वाचला, हे शोधताना मार्गदर्शकाने विचारलं, “हक्क देतं कोण?” उत्तर लगेच आलं, “संविधान, सर.” नागरिकशास्त्रात शिकलेलं हेच. मूलभूत हक्क संविधानाच्या तिसऱ्या भागात आहेत, त्यांचं रक्षण न्यायालय करतं, आणि हक्कांबरोबर कर्तव्येही येतात. भारतापुरतं हे शिक्षण बरोबरच आहे. पण ते घेऊन सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्या उताऱ्यात शिरलं की पहिल्या वाक्यापासून गाडी उलट्या दिशेला धावते. मालमत्तेचंच बघा. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आपल्याकडे मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, तो आता अनुच्छेद ३००-अ खालचा कायदेशीर हक्क आहे. त्यामुळे ‘मालमत्ता हा नैसर्गिक हक्क’ हे वाक्य दिसलं की तिला ती लेखकाची अतिशयोक्ती वाटे, आणि ती ‘उपरोध’ असा पर्याय निवडे.

जोडप्रश्नांनी नुकसान दुप्पट केलं. ‘आधीच्या प्रश्नाच्या उत्तराला सर्वांत चांगला पुरावा कोणत्या ओळींत आहे’ असे प्रश्न एका उताऱ्यात बहुधा दोन असत. पहिलं उत्तर उलटं निवडलं की पुरावाही उलटाच निवडला जाई. समज एकच चुकलेली, पण तिच्यापायी चार गुण जात.

कोणते पर्याय होते

तो उतारा सोडून द्यायचा, हा सल्ला क्लासमध्ये सर्रास मिळतो. हिशेब मांडून पाहिला. दहांपैकी चार ती बरोबर सोडवत होती. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसत, त्यामुळे डोळे मिटून एकच अक्षर रंगवलं तरी सरासरी अडीच बरोबर येणार. म्हणजे तोटा दीड गुणाचा. बदल्यात उरलेल्या चार उताऱ्यांना प्रत्येकी १३ ऐवजी सुमारे १६ मिनिटं मिळणार. पण त्या चार उताऱ्यांत तिच्या चुका मुळात वेळेमुळे होतच नव्हत्या. वाढलेली मिनिटं वाया गेली असती.

दुसरा पर्याय थांबण्याचा होता. मार्च २०२३ पासून अमेरिकेबाहेर सॅट संगणकावर येणार, उतारे २५ ते १५० शब्दांचे होणार, प्रत्येकावर एकच प्रश्न असणार, हे तोपर्यंत जाहीर झालं होतं. लांब इतिहास-उतारा आपोआप टळला असता. पालकांचा कल इकडेच होता. पण नव्या स्वरूपाच्या सराव परीक्षा तेव्हा मोजक्याच होत्या, आणि मार्चमध्ये अकरावीची वार्षिक परीक्षा. म्हणून निर्णय असा झाला की ३ डिसेंबरची कागदावरची शेवटची संधी घ्यायची आणि मार्च हाताशी राखून ठेवायचा.

तिसरा पर्याय मूळ ग्रंथ वाचण्याचा. लॉकचा शासनावरचा दुसरा निबंध पूर्ण वाचायला तिला दोन महिने लागले असते, आणि त्यातला बराच भाग परीक्षेत कधीच येत नाही.

शेवटी निवडलं ते असं : नऊ आठवड्यांपैकी सात आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज ४० मिनिटं, दीडशे ते अडीचशे शब्दांचे निवडक तुकडे. प्रत्येक तुकड्याला तेच चार प्रश्न.

काय केलं

समासात लिहायचे चार प्रश्न : हक्क आला कुठून? तो कुणाकुणाचा? सरकारने त्याचं काय करायचं? आणि सरकारने ते केलं नाही तर? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला एकच अक्षर : ‘नि’ म्हणजे निसर्ग किंवा निर्माता, ‘प’ म्हणजे परंपरा, ‘का’ म्हणजे कायदा. (चौथं अक्षर पुढे जोडावं लागलं, ते का ते खाली येतंच.)

पहिला आठवडा जाहीरनाम्याच्या त्या एकाच परिच्छेदावर गेला. ‘अनएलियनेबल’ हा शब्द तिने ‘परका नसलेला’ असा लावला होता. कायद्याच्या भाषेत ‘एलियनेट’ करणं म्हणजे मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं. तेव्हा अनएलियनेबल हक्क म्हणजे मालकालाही विकता किंवा देऊन टाकता येत नाहीत असे. याच परिच्छेदात पुढे एक सापळा आहे. सरकार बदलण्याचा किंवा मोडण्याचा हक्क सांगितल्यावर लगेच म्हटलंय की रुजलेली सरकारं किरकोळ, तात्पुरत्या कारणांसाठी बदलू नयेत, असं शहाणपण सांगतं. घाईत वाचणारा ‘असंतोष झाला की उठाव करावा’ हा पर्याय निवडतो. असा टोकाचा पर्याय परीक्षक मुद्दाम ठेवतात.

दुसऱ्या आठवड्यात लॉक. ‘स्टेट ऑफ नेचर’ म्हणजे जंगल, आदिमानव, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे होतं. लॉकच्या लेखी ती सामाईक सरकार नसलेली अवस्था आहे. तिथेही निसर्गाचा कायदा असतो, तो म्हणजे विवेकबुद्धी, आणि तो सांगतो की दुसऱ्याच्या जिवाला, आरोग्याला, स्वातंत्र्याला, मालमत्तेला इजा करू नये. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या १६५१ च्या ग्रंथातली निसर्गावस्था सगळ्यांची सगळ्यांशी लढाई असलेली. परीक्षेत हे दोघे एकमेकांच्या जागी टाकलेले पर्याय असतात.

मग माणूस ती अवस्था का सोडतो? १२४ ते १२६ या कलमांत लॉक तीन उणिवा सांगतो : ठरलेला व सर्वांना माहीत असलेला कायदा नाही, निःपक्षपाती न्यायाधीश नाही, निकाल अमलात आणायला बळ नाही. या तीन वाक्यांत दोन फसवे शब्द आहेत. ‘देअर वॉन्ट्स’ म्हणजे ‘हवं आहे’ असं नव्हे, ‘उणीव आहे’. आणि ‘इन्डिफरन्ट जज’ म्हणजे बेफिकीर न्यायाधीश नव्हे, कुणाचीच बाजू न घेणारा. तिने पहिल्या वाचनात लिहिलं होतं, ‘लॉकला बेफिकीर न्यायाधीश नकोत’. याद्यांतून शब्द पाठ करण्याचा उपयोग का झाला नाही, ते इथे कळतं. हे दोन्ही शब्द तिला येतच होते, आजच्या अर्थाने. आणखी एक : १२३ व्या कलमात लॉक स्वतःच म्हणतो की जीवित, स्वातंत्र्य आणि इस्टेट या तिन्हींना मिळून तो ‘प्रॉपर्टी’ म्हणतो. ही व्याख्या डोक्यात नसेल तर ‘सरकारचा हेतू मालमत्तेचं रक्षण’ हे वाक्य जमीनदारांचं वकीलपत्र वाटतं.

तिसरा आठवडा बर्क आणि पेन. ही जोडी अधिकृत सराव परीक्षेतही येऊन गेलेली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारं ब्रिटिश खासदार एडमंड बर्कचं पुस्तक १७९० चं, क्रांतीची बाजू घेणाऱ्या टॉमस पेनचं त्याला उत्तर १७९१ पासून प्रसिद्ध झालेलं. इथे सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ‘बर्क नैसर्गिक हक्क नाकारतो’ असं धरून चालणं. तो म्हणतो, असे हक्क असू शकतात आणि असतातही, सरकारपासून पूर्ण स्वतंत्रपणे. पण सरकार त्यांच्या जोरावर बनत नाही, आणि त्यांची अमूर्त परिपूर्णता हाच व्यवहारात त्यांचा दोष. सरकार ही मानवी गरजा भागवण्यासाठी माणसाच्या शहाणपणाने केलेली योजना आहे, आणि त्या गरजांत स्वतःच्या वासनांना पुरेसा लगाम असण्याचीही गरज येते. सरावासाठी एक प्रश्न बनवला होता : बर्कच्या मते नैसर्गिक हक्क (अ) अस्तित्वातच नाहीत, (ब) आहेत, पण त्यांवर सरकार उभारता येत नाही, (क) राजाने दिलेले आहेत, (ड) सरकारची एकमेव कसोटी आहेत. (अ) तिला पटकन खरा वाटला. (ब) पर्यंत पोचायला ‘मे अँड डू एक्झिस्ट’ हे चार शब्द दिसावे लागतात.

बर्क इंग्रजांची स्वातंत्र्यं पूर्वजांकडून आलेल्या वारशासारखी मानतो. हे समजावताना वतनाचा दाखला दिला : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क, आपण राखायचा आणि पुढच्यांकडे सोपवायचा. दाखला लगेच उतरला, पण अर्धाच खरा होता. मराठी मुलखात वतनं, मिराशी विकल्या गेल्याचे कागद भरपूर आहेत. बर्कच्या मनातला वारसा विकता न येणारा आहे. हे वेळीच सांगितलं नाही आणि पुढच्या उताऱ्यात तिची एक चूक त्यामुळेच झाली.

पेनचं म्हणणं नेमकं उलट : मेलेल्या पिढीने जिवंत पिढीला बांधून ठेवणं हा जुलूम आहे. माणूस समाजात येतो तो आधीपेक्षा कमी हक्क मिळावेत म्हणून नव्हे, असलेले नीट सांभाळले जावेत म्हणून. नागरी हक्क नैसर्गिक हक्कातूनच उगवतो. जो हक्क एकट्याच्या बळावर बजावता येत नाही तो माणूस समाजाच्या सामाईक साठ्यात घालतो. या जागी तिने पहिल्यांदा न विचारता लिहिलं, ‘म्हणजे संविधान हक्क देत नाही, असलेल्या हक्काला पावती देतं.’ पेनपुरतं हे अगदी बरोबर.

चौथ्या आठवड्यात दोन दिवस मराठीला दिले. जोतीराव फुल्यांवर पेनचा प्रभाव होता. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली, आणि निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना सारखे हक्क दिले ही मांडणी त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात आहे. चारही प्रश्न फुल्यांना लावले तेव्हा तिचं पान पाच मिनिटांत भरलं. त्यानंतर अमेरिकेतल्या सेनेका फॉल्स इथल्या स्त्री-हक्क परिषदेचा १८४८ चा जाहीरनामा दिला. तो १७७६ चाच मजकूर उचलतो आणि ‘सर्व पुरुष’च्या जागी ‘सर्व पुरुष व स्त्रिया’ घालतो. इथे सगळा वाद दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे ‘कुणाकुणाचा’ यावर आहे. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरचं भाषणही तसंच. सर्वनामांवर नजर ठेवा : ‘तुमचा’ चार जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन), ‘तुमचं’ स्वातंत्र्य. तिने आधी ‘डग्लस जाहीरनामा धुडकावतो’ असं लिहिलं. तो धुडकावत नाही. त्यातली तत्त्वं तो थोर मानतो आणि ती न पाळणाऱ्यांना फटकारतो. माणूस स्वतंत्र आहे हे मी सिद्ध करत बसू काय, ते तर तुम्हीच जाहीर केलंय, असा त्याचा सूर आहे.

पाचव्या आठवड्यात विरोधी बाजू. गुलामगिरीचा समर्थक अमेरिकी राजकारणी कॅलहून याच्या मते स्वातंत्र्य हे मिळवावं लागणारं बक्षीस आहे, सरसकट वाटायचं दान नव्हे. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमच्या मते नैसर्गिक हक्क ही निव्वळ बडबड. यातून ‘कुठून आला’ या प्रश्नाचं उत्तर ‘कुठूनच नाही’ असंही असू शकतं, हे नोंदवता आलं.

मध्येच झालेली गफलत

सहाव्या आठवड्यात चुका पुन्हा वाढल्या. आता तिला जिथे तिथे ‘नि’ दिसू लागलं. एलिझाबेथ केडी स्टँटनच्या १८६९ च्या भाषणापुढेही ‘नि’. सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्याची मुख्य लेखिका तीच. पण तिथे युक्तिवाद वेगळा आहे : पुरुषी वृत्ती विध्वंसक झाली आहे, समाजाचा तोल राखायला स्त्रीचा प्रभाव हवा. हा परिणामांवर आधारलेला मुद्दा आहे. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यावरच्या १८५९ च्या निबंधापुढेही ‘नि’, आणि मिल तर स्वच्छ सांगतो की उपयुक्ततेपासून वेगळ्या अशा अमूर्त हक्काचा फायदा आपण घेणार नाही.

इथे दोष मुलीचा नव्हता. तीन अक्षरांची चौकट अपुरी होती. चौथं अक्षर जोडलं, ‘उ’, उपयोग. त्याची खूणही ठरवली : वाक्यात ‘जन्मतः’, ‘निर्माता’, ‘स्वयंसिद्ध’ अशा अर्थाचे शब्द असतील तर ‘नि’, ‘असं केलं तर समाजाचं भलं होईल’ असा रोख असेल तर ‘उ’. लेखकाच्या नावावरून अक्षर लिहायचं नाही, हा नियम त्याच दिवशी झाला.

सातव्या आठवड्यात घड्याळ लावलं. १३ मिनिटांपैकी साडेचार वाचनाला, त्यातच समासातल्या नोंदी. जोडी असेल तर पहिला उतारा वाचून त्याचेच प्रश्न सोडवायचे, मग दुसरा, आणि तुलनेचे प्रश्न शेवटी. पुरावा-प्रश्नात चारही ओळींपुढे आधी अक्षर लिहायचं आणि मग आधीच्या प्रश्नाकडे परत जायचं.

परिणाम

नोव्हेंबरअखेरच्या दोन सराव परीक्षांत इतिहासाच्या उताऱ्यात २ आणि ३ चुका झाल्या. डिसेंबरच्या परीक्षेत वाचनाला ३३. उताऱ्यानिहाय हिशेब हाती नसल्यामुळे ही वाढ सगळी याच कामाची असं म्हणता येत नाही. त्याच काळात तिने दोन महिने रोज इंग्रजी वाचलं होतं, तेही धरायला हवं. जोडप्रश्नांत दोन्ही एकदम चुकणं मात्र दोन्ही सराव परीक्षांत एकदाही झालं नाही, आणि ही सुधारणा निव्वळ वाचनाच्या सवयीने आली असती असं वाटत नाही. मार्चची परीक्षा तिने दिली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

परिच्छेदापुढे मराठीत एक ओळ लिहून घेण्याचं काम ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्याला २० मिनिटं लागतात. न केल्यामुळे तीन आठवडे आणि एक परीक्षा गेली.

मिल आणि बेंथम शेवटी ठेवणं चुकलं. नैसर्गिक हक्कांची कल्पना पक्की व्हावी म्हणून आधी बहुतेक ‘नि’वालेच दिले, आणि ती इतकी पक्की झाली की उखडावी लागली. दुसऱ्याच आठवड्यात लॉकशेजारी मिलचा एक तुकडा ठेवला असता तर चार अक्षरं सुरुवातीपासून आली असती.

वतनाचा दाखला द्यावा की नाही, यावर मतभेद राहिले. तो नसता तर बर्क समजायला आणखी दोन दिवस लागले असते, हे खरं. पण दाखला देताना तो कुठे तुटतो तेही त्याच बैठकीत लिहून घ्यायला हवं होतं.

आज ही परीक्षा देणाऱ्यांसाठी वेळापत्रक निम्म्यावर आणता येईल. संगणकावरच्या सॅटमध्ये ‘रीडिंग अँड रायटिंग’चे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, ३२ मिनिटांच्या दोन भागांत असतात, आणि स्थापनेच्या काळातल्या दस्तऐवजाचा लांब उतारा त्यात नसतो. जुन्या गद्याचे छोटे तुकडे आणि दोन लेखकांच्या मतांची तुलना मात्र येते. शंभर शब्दांत चारही प्रश्नांची उत्तरं सहसा सापडत नाहीत. तिथे पहिला प्रश्न आणि एक क्रियापद, एवढंच धरून ठेवावं.